येतंय की जातंय

कार्तिक लागला की मी सकाळी पूर्वेकडची खिडकी उघडत नाही. घरातल्यांना वाटतं, परदेशात राहून आल्यापासून मी नाजूक झालोय. गुडघाभर बर्फातून चालत दुर्बिणीकडे जाणारा माणूस मुंबईच्या गारव्याला काय घाबरणार? पण या महिन्यात पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे जो वारा सुटतो, त्याला आमच्याकडे मतलई म्हणतात, आणि तो मला घरात नको असतो. मुंबईत त्याला गिरण्यांच्या धुराचा वास असतो. तरी अंगाला लागताच त्याची ओळख पटते आणि मग दिवसभर कामात लक्ष लागत नाही.

तोंडवलीत, आमच्या मालवणजवळच्या गावी, याच वाऱ्याला भाताच्या पेंढ्याचा वास यायचा. कापण्या उरकलेल्या, खळ्याखळ्यांतून मळणी चाललेली, वाळूवर बांगडे वाळत घातलेले आणि पावसाळ्याचा गढूळपणा टाकून समुद्र असा नितळ झालेला की कमरेएवढ्या पाण्यात स्वतःच्या पायाची नखं दिसावीत. पहाटे मतलई धरून होड्या बाहेर पडत. दुपारी वारा फिरे, समुद्राकडून खारा वारा सुटे, आणि त्याच्यावर त्या घरी येत. जाताना ढकलायला एक वारा आणि येताना आणून सोडायला दुसरा, इतकी सोय देवाने आणखी कुठल्या धंद्यात केली असेल असं मला वाटत नाही. माझा मोठा भाऊ जगन्नाथ, आमचा दादा, म्हणायचा, "दोन कोस भायर गेलंय तरी पेंढ्याचो वास येता. घर खंय आसा ता डोळे मिटान सांगीन." दादाची पात होती, म्हणजे एका माणसाने वल्हवायची, छोटं शीड असलेली लहान होडी. तिच्यातून तो एकटाच गळाच्या मासेमारीला जाई. माझ्या वाट्याचं वल्हंही त्यानेच मारलं, म्हणून मी मुंबईला कॉलेजात बसू शकलो.

मी पुढे काय झालो हे बाबांना कधी नीट सांगता आलं नाही. ते जुने तांडेल, खलाशांचे म्होरके. मचव्यावर चाळीस वर्षं काढलेली. एकदा त्यांनी विचारलं, "आभाळात थंय काय हालता, ता तू हंय बसान बगतंस?" मी म्हटलं, "बगूक काय मेळना नाय, बाबा. कागद मेळता." त्यांनी मान हलवली. मुलगा शिकून कामातून गेला, असं त्यांच्या मनात आलं असावं. पण मी खरं तेच सांगितलं होतं.

आभाळात काही तारे जन्मतानाच फार मोठे असतात. जन्मल्यावरही बराच काळ ते आपल्याच वायूच्या आणि धुळीच्या पांघरुणात गुरफटलेले असतात, त्यामुळे त्यांचा उजेड आपल्यापर्यंत पोचत नाही. रेडिओच्या लहरी मात्र त्या पांघरुणातून बाहेर येतात. आमची दुर्बीण म्हणजे लोखंडी जाळीची एक प्रचंड परात. ती त्या लहरी गोळा करते आणि तिला दिवस काय नि रात्र काय, सारखंच. खोलीत एक पेन सरकत्या कागदावर शाईची रेघ ओढत असतं. ताऱ्याच्या पुढे गार वायू असेल तर तो ठरावीक ठिकाणी लहरी गिळतो आणि रेघेत एक खळगा पडतो. वायू आपल्याकडे येत असेल तर खळगा एका बाजूला सरकतो, दूर जात असेल तर दुसऱ्या बाजूला. तारा मागे आणि वायू पुढे, हे ध्यानात घेतलं की उलगडा होतो. वायू आपल्यापासून दूर जातोय म्हणजे तो ताऱ्यावर पडतोय. आपल्याकडे येतोय म्हणजे ताऱ्याने त्याला झिडकारलंय. माझी सगळी विद्या एवढीच. येतंय की जातंय, ते सांगायचं. आडवं काही जात असेल तर ते आम्हाला कळतही नाही.

याच प्रश्नाचं उत्तर मी पहिल्यांदा दिलं तेव्हा विशीचाही नव्हतो.

दिवाळीच्या सुट्टीला घरी आलो होतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत राहायचं ठरलं होतं. मुंबईहून येताना मी एक दुर्बीण आणली होती. युद्धातली, लष्कराने टाकलेली, एका डोळ्याची काच कडेला तडकलेली. तिचं वाडीत एवढं कौतुक झालं की मी दिवसभर ती गळ्यात अडकवून हिंडायचो. आज त्या पोराचा मला राग येतो. किनाऱ्यावर उभं राहून लांबच्या होड्या कोणाच्या ते मी नावानिशी सांगायचो आणि त्या काठाला लागल्या की खरं ठरायचं. ज्यांनी जन्म समुद्रावर काढला ती माणसं, शिडाच्या ठिगळावरून होडी ओळखणारी, मला विचारू लागली होती. कॉलेज आणि दुर्बीण एकाच माणसाकडे असल्यावर त्याच्याशी वाद कोण घालणार?

त्या दिवशी दुपार झाली तरी वारा फिरला नाही. मतलई तशीच वाहत राहिली, उलट तिचा जोर वाढला. माडांच्या झावळ्या समुद्राच्या दिशेने ताणल्या गेल्या. वाळूवरचे वाळते बांगडे उडू लागले तशी बायकांनी त्यांच्यावर जाळी टाकली. बाहेर गेलेल्या होड्या वल्ह्यांवर झुंजत एकेक करून आल्या. माणसं वाळूत पडून धापा टाकत होती. दादाची पात तेवढी यायची होती.

उन्हं कलल्यावर ती मला दुर्बिणीत सापडली. शीड उतरवलेलं होतं आणि पातीचं तोंड सरळ आमच्याकडे होतं. तिच्यात दादा उभा होता आणि डोक्याचा पंचा सोडून दोन्ही हातांनी हालवत होता.

इथे आमच्या वाडीची एक रीत सांगायला हवी. मासळी भरपूर लागली की येणारा माणूस दुरूनच पंचा हालवायचा. म्हणजे घरच्या बाईने टोपली घेऊन काठावर यावं, मासळी उन्हात पडून राहू नये. पंचा हालला की काठावर हसू पसरायचं. कोणाचा हालला, किती वेळ हालला, यावर रात्रीपर्यंत चर्चा चालायची. दुसऱ्या कशासाठी कोणी पंचा हालवल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

मी ओरडून सांगितलं, "दादा येता हा. पंचो हालयता."

दादाची बायको, आमची वहिनी, माझ्या शेजारीच उभी होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, माझ्याहून वर्षभराने लहान. दुपारपासून तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "खरा काय, भावजीनू?" मी दुर्बीण तिच्या हातात दिली. तिला त्यातून काही दिसलं नसावं, डोळे मिचकावत तिने ती परत दिली. मग पदर खोचून ती टोपली आणायला घराकडे धावली.

बाबा मात्र हलले नाहीत. त्यांनी चार जणांना घेऊन मोठी होडी पाण्यापर्यंत ओढून ठेवली होती. तिच्या काठावर हात ठेवून ते उभे होते. "वारो भायर ओढता," ते म्हणाले. "नि तो येता कसो?"

"बाबा, तोंड हंय आसा तेचा."

"वल्ही मारता काय?"

मी पुन्हा पाहिलं. वल्ही दिसली नाहीत. पण सूर्य नेमका पातीच्या मागे होता, पाणी चमकत होतं, आणि काठावरची सगळी माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. "उन्हान दिसना नाय," मी म्हटलं. "पण येता हा."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा दुर्बिणीकडे. "तुका दिसता तर खरा," असं म्हणून त्यांनी होडीच्या काठावरचा हात काढला. दमलेले चौघे पुन्हा वाळूत बसले.

अर्ध्या तासाने मला पंचा दिसेनासा झाला. मी स्वतःची समजूत घातली की उजेड कमी झाला. वहिनी टोपली घेऊन आली, टोपलीत पाण्याचा तांब्या आणि गूळही होता. अंधार पडल्यावर माणसं खाडीच्या तोंडाशी कंदील घेऊन गेली, कारण येणारी होडी दगा खाते ती तिथेच. तिथे वाळूची भर आहे, लाट फुटते, आणि त्याआधीही होड्या उलटल्या होत्या. काही सापडलं नाही. ना माणूस, ना फळी. तरी दोन दिवसांत गावाचा निकाल लागला. जगू दारात येऊन बुडाला. मी येताना पाहिलं होतं ना, मग दुसरं काय झालं असणार?

बाबांनी त्या होडीवरच्या हाताबद्दल पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मुंबईला परतलो, परीक्षेत पहिला आलो. दुर्बीण घरी माळ्यावर टाकली ती टाकलीच.

पुढची वर्षं मी अभ्यासात अशी ढकलली की घरी जायला सवड मिळू नये. पन्नासचं दशक सरलं, मी परदेशी गेलो. तिथल्या माळरानावरच्या दुर्बिणीवर मला काम मिळालं. त्या काळात या नव्या ताऱ्यांभोवतीच्या वायूबद्दल रोज नवं काही कळत होतं आणि रोज आधीचं खोटं ठरत होतं. आमचे प्रमुख मितभाषी गृहस्थ होते. त्यांचा तर्क असा की एवढा मोठा तारा बनतो म्हणजे त्याच्यावर वायू सतत कोसळत असणार, आणि तो कोसळताना कागदावर दिसलाच पाहिजे. आम्हा सगळ्यांना तो दिसायला हवा होता. आणि एका आठवड्यात मला तो दिसला. खळगा नेमका हव्या त्या बाजूला. मी आठ दिवसांचे कागद भिंतीवर लावले, प्रत्येकाखाली लिहिलं, 'दूर जात आहे, ताऱ्यावर पडत आहे', आणि सगळ्यांना बोलावलं.

प्रमुख बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले. मग नोंदवही चाळत बसले. आभाळातून आलेल्या लहरींत आम्हाला आमच्या यंत्राची एक लहर मिसळावी लागते. ती वरच्या अंगाला ठेवली की खालच्या, यावर कागदाची डावी-उजवी ठरते. माझ्या एका सोबत्याने आठवड्यापूर्वी ती बदलली होती. वहीत तसं लिहिलंही होतं. मी ते पान उघडलं नव्हतं, कारण खळगा मला हवा तिथे पडलेला होता.

"पेनाची काही चूक नाही," प्रमुख म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू सगळं उलटं वाचलंस. हा वायू पडत नाहीये. ताऱ्याने त्याला ढकलून दिलंय."

लोक हसले, कोणी पाठीवर थाप मारली. अशा चुका सगळ्यांकडून होतात. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. दुपारचे तीन वाजले असतील. समोर बर्फ आणि त्यावर ऊन. मला एकाएकी दादाची पात दिसली. आता तिच्यात सगळं स्पष्ट होतं. शीड उतरवलेलं. वल्ही हातात नाहीत. वारा जमिनीकडून. अशी होडी पुढे येईलच कशी? त्याने नांगर टाकला होता. नांगर नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बांधलेला असतो, म्हणून पातीचं तोंड वाऱ्याकडे, म्हणजे आमच्याकडे. आणि नांगर तळाला धरत नव्हता, तो घसटत होता. तोंड आमच्याकडे ठेवून पात मागे मागे समुद्रात चालली होती. पंचा मला दिसेनासा झाला तो उजेड गेल्यामुळे नव्हे. तेव्हा अजून ऊन होतं. बाबांना हे डोळ्यांनी न दिसताही कळलं होतं, आणि मी ते त्यांना विसरायला लावलं.

तो दादाच्या मरणाचा दिवस होता असं मी मानतो. बारा वर्षं उशिराने कळलेला. आम्ही कागदावर जो वायू पाहतो तो हजारो वर्षांपूर्वीचा असतो, तेव्हा मला असल्या उशिराची सवय हवी होती. ती नव्हती.

त्याच महिन्यात बाबांचं पत्र आलं, शाळेच्या मास्तरांच्या हातचं. 'चिरंजीव जगन्नाथास या कार्तिकात बारा वर्षे पूर्ण होतात. शास्त्राप्रमाणे क्रिया करणे आहे. तू येणे.' ज्याचं शरीर मिळालं नाही त्याची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भ आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हा रिवाज. पुतळ्याला अग्नी देईपर्यंत वहिनीच्या कपाळी कुंकू होतं. दिल्यावर ते पुसायचं होतं. अग्नी धाकट्या भावाने द्यायचा होता.

आगबोटीने मालवणला उतरलो तेव्हा समोरून मतलई आली आणि तिच्याबरोबर पेंढ्याचा वास. घरी बाबा अंथरुणाला खिळलेले. वहिनी तिशीत पोचलेली, हात सुपासारखे खरखरीत झालेले. बोलता बोलता कळलं की दर कार्तिकात ती खाडीच्या तोंडाशी जाऊन एक नारळ पाण्यात सोडते, दादा तिथे आहे म्हणून. पुतळाही तिथेच जाळायचं तिने ठरवलं होतं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

क्रियेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मी स्वतःशी भांडत राहिलो. सांगावं, तर तिची बारा वर्षं चुकीच्या पाण्याला नारळ वाहण्यात गेली असं होणार. शिवाय बाहेर वाहून गेलेला माणूस कोणाला तरी सापडलाही असेल, असं तिच्या मनात येणार. आमच्या किनाऱ्यावर अशा गोष्टी आहेत. अमक्याला अरबांच्या गलबताने उचललं, तमका आफ्रिकेत दुकान चालवतो. कुंकू पुसायच्या आदल्या दिवशी तिला असली आशा देणं म्हणजे क्रौर्य. आणि न सांगावं, तर मी उद्या तिच्यादेखत खोट्या जागी खोटा अग्नी देणार, आणि पुन्हा एकदा लोक माझ्या शब्दावर विसंबणार. गलबतांबद्दल तिने विचारलं तर काय बोलायचं, ते मी मनात नीट जुळवून ठेवलं. वाऱ्याचा जोर किती, नांगरासकट पात किती टिकेल, पाणी किती दिवसांचं.

सूर्य टेकला होता. आम्ही घरापुढच्या खळ्यात बसलो होतो. ती दुसऱ्या दिवसासाठी पळसाची पानं एकसारखी लावत होती. तिने सहज विचारलं, "बाबा म्हणतत, थंय वर वायू येता काय जाता, ता तुमी मापतास. हंयसून कसा समाजता ता?"

मी तिला सांगितलं. सोप्या शब्दांत, आणि माझी चूकही सांगितली, भिंतीवरचे आठ कागद आणि सगळं. ती लक्ष देऊन ऐकत होती. पानं लावायचा तिचा हात हळू झाला.

"म्हणजे जाता ता येता असा दिसता," ती म्हणाली.

"बगणाऱ्याक तसा व्हया आसला तर दिसता."

तिने हातातल्या पानाचा देठ खुडला. मग माझ्याकडे न पाहता तिने विचारलं, "त्या दिसाची व्हडी येय होती काय जाय होती?"

आत बाबांनी कूस बदलल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "जाय होती, वयनी. नांगर टाकलेलो तेना. म्हणान तोंड हंय होता. पंचो हालयलो, तो आमका बोलवक."

मला वाटलं ती रडेल. वाटलं, मला हाताला धरून विचारेल, मग तो खंय गेलो, कोणाक मेळलो काय. मी जुळवून ठेवलेलं सगळं ओठांवर आणून बसलो होतो. तिने मांडीवरची पानं खाली ठेवली. घरापासून किनाऱ्यापर्यंतच्या वाळूच्या वाटेकडे ती पाहत होती.

"म्हणजे मी टोपली हाडूक धावलंय," ती म्हणाली, "तेवा तेना माझी पाठ बगल्यान."